अर्धं शहाळं

परभणीच्या डॉक्टर मृदुला ठोसर सरकारी विम्यावर गरिबांना कॅन्सरची इंजेक्शनं देत. एकदा विम्याचे बडे साहेब येऊन ऐटीत म्हणाले, "यापुढे अंगात जाईल तेवढ्याच औषधाचे पैसे मिळतील. बाटलीत उरलेलं तुमचं!"

बाटली एकदा फोडली की उरलेलं औषध त्याच दिवशी फेकावं लागे. या नियमाने दवाखान्याला महिन्यात कुलूप लागलं असतं.

साहेबांना निरोप द्यायला बाई फाटकापर्यंत गेल्या. तिथल्या गाड्यावर साहेबांनी शहाळेवाल्याकडून शहाळं फोडून घेतलं, अर्धं पिऊन ठेवलं आणि पाकीट काढलं.

"साहेब, निम्मेच पैसे द्या. निम्मं पाणी उरलंय."

"काहीतरीच काय, बाई! फोडलेलं शहाळं हा आता कुणाला विकणार?"

"मग फोडलेली बाटली मी कुणाला विकू?"

शहाळेवाला खो खो हसत सुटला. साहेबांनी त्याच गाड्यावर कागद टेकवून नियम खोडला.