शालवतीच्या सभेचा उंबरठा

त्रेतायुगाचा आरंभ होता. धर्म अजून तीन पायांवर भक्कम उभा होता आणि देवांना मर्त्यलोकाची वाट परकी झाली नव्हती. त्या काळी विंध्याच्या दक्षिण उतारावर, सालवृक्षांच्या छायेत, शीकरा नदीच्या तीरी शालवती नावाची नगरी होती. तिथला राजा वीतिमान प्रजेला विचारल्यावाचून काही करीत नसे. त्याच्या सभेत ऋत्विजापासून नावाड्यापर्यंत कोणीही उभे राहून बोलावे आणि दुसऱ्याने त्याला उत्तर द्यावे, अशी रीत होती. सभेच्या मध्यभागी अग्नी तेवत असे. पूर्वजांचा एकच नियम होता: कोणी ऋचा म्हटली की सर्वांनी हात जोडून उभे राहायचे, अग्नीत तुपाची आहुती द्यायची, आणि तो विषय तिथेच मिटवायचा. श्रुतीला उत्तर कोण देणार? हा मान एवढा मोठा वाटे की पिढ्यान्‌पिढ्या कोणी तो वापरला नव्हता.

अशा नगरीत राजपुरोहित वामरथाचा पुत्र प्राचेय हिमालयातल्या आश्रमातून विद्या संपादून परतला. देवदारांच्या वनात, बर्फाच्या पाण्यात स्नान करीत त्याने वेद कंठस्थ केले होते, आणि जगात जे जे वाकडे आहे ते ते त्या विद्येने सरळ होईल, असा त्याचा दृढ विश्वास होता.

तो आला तेव्हा अवर्षण पडले होते. पर्जन्ययागासाठी राजाने शीकरेला बंध घालून यज्ञसरोवर भरायला घेतले होते, आणि खालच्या तीरावरच्या कोळ्यांचे डोह आटू लागले होते. त्यांचा म्हातारा नायक तुंडिक सभेत आला. बोलायला संथ, मधेच खोकणारा, पण सभा त्याचे ऐकत होती.

"महाराज," तो म्हणाला, "आमची लेकरं वाळूत झरे खणून पाणी पितात. मासे चिखलात तडफडून मेले. यज्ञ नको असं आम्ही कशाला म्हणू? पाऊस आम्हालाही हवाच आहे. पण एक मधला मार्ग..."

प्राचेयाला तो संथपणा सोसेना. कोळ्यांच्या लेकरांची त्याला करुणा आली होती. तो ताडकन उठला आणि वृत्रासुराने कोंडलेले जळ इंद्राने वज्राने मुक्त केले, त्या स्तवनाची ऋचा त्याने उच्च स्वरात म्हटली. सभा हात जोडून उभी राहिली. आहुती पडली. राजाने मस्तक नमवून बंधाची दारे उघडायची आज्ञा दिली. तुंडिक तोंड उघडे ठेवून तसाच उभा होता.

दुसऱ्या दिवशी वामरथ उठला. "जळाचा विषय मिटला आहे," तो शांतपणे म्हणाला, "मी यज्ञाविषयी बोलतो." आणि यज्ञ हीच विश्वाची नाभी आहे, असे सांगणारी ऋचा त्याने म्हटली. सभा उभी राहिली. दारे लागली.

तिसऱ्या दिवशी पुत्राने पर्जन्याचा विषय काढला. चौथ्या दिवशी पित्याने राजधर्माचा. दारे उघडत होती, लागत होती. ना सरोवर भरले, ना डोह. वाहिलेले पाणी वाटेतल्या तापल्या वाळूनेच पिऊन टाकले. सभासद उठून बसून दमले आणि अखेर सभेतले तूप संपले.

त्या दिवशी सभेच्या दाराशी तुंडिकाने प्राचेयाला गाठले.

"मुनिकुमार, आपले उपकार आहेत. आपण आमच्या बाजूनं बोललात." तो हसला. "पण माझ्या तोंडावर हात ठेवून बोललात."

"आर्य, मी तर आपल्याला जिंकवले!"

"मी जिंकायला आलो नव्हतो, बाबा. पाणी मागायला आलो होतो. माझं बोलणं तसंच राहिलं. आता बोलू म्हटलं तर पाण्याचा विषय मिटलाय म्हणतात!"

प्राचेय आटलेल्या डोहाच्या काठी जाऊन बसला, आणि अन्न वर्जून त्याने वाग्देवीची आराधना मांडली. अखेर एका पहाटे, पूर्वा उजळत असताना, शुभ्रवस्त्रा, मृदुहासिनी, सर्व शब्दांची जननी अशी ती देवी त्याच्यापुढे प्रकटली.

"वत्सा, तुझी तळमळ मी जाणते," ती म्हणाली. "घे, अशी ऋचा देते की जिच्यापुढे तुझ्या पित्याची एकही ऋचा टिकणार नाही."

प्राचेयाचे हात पुढे झाले. मग त्याला तुंडिकाचे ते उघडे तोंड आठवले. त्याने हात मागे घेतले.

"माते, तशी ऋचा नको. त्या सभेत कोणाच्याही ऋचेने कोणाचे तोंड बंद होऊ नये, एवढे कर."

"मग त्याचे मोल ऐक. सभेचा उंबरठा ओलांडलास की तुझी सारी विद्या तुझ्या जिभेवरून उतरेल. तुझ्याच नव्हे, सर्वांच्या. उरतील ते तुझे साधे शब्द."

"म्हणजे श्रद्धा बाहेर ठेवून आत जायचे?"

"मी असे कुठे म्हटले?" देवी हसली. "तिला हृदयात घेऊनच जा. पण तिथे जे बोलशील, त्याला कोळ्यालाही उत्तर देता आले पाहिजे."

प्राचेयाने डोळे मिटले. ज्या विद्येसाठी त्याने तारुण्य वेचले, तीच पणाला लागली होती. "तथास्तु म्हण, माते," तो म्हणाला.

त्या दिवशी सभेत तो उभा राहिला तेव्हा त्याची जीभ अडखळली. "माझी... माझी चूक झाली. तुंडिक आजोबांचे बोलणे मी तोडले. ते त्यांना पुरे करू द्या."

वामरथाने हात उंचावला, मुख उघडले, आणि एकही ऋचा उमटली नाही. तो भयचकित होऊन पुत्राकडे पाहू लागला. "प्राचेया, मला काही आठवत नाही. मी काय बोलू?"

"आपल्याला जे वाटते ते बोला, तात."

वृद्ध पुरोहिताने उंचावलेला हात खाली घेतला. "मला भीती वाटते," तो म्हणाला. "यज्ञावर माझी श्रद्धा आहे. पाण्यावाचून तो भंगला आणि पाऊस आला नाही, तर ही लेकरे माझ्यामुळे मरतील."

"मग पुरोहितबाबा, आपलं दुखणं एकच की!" तुंडिक म्हणाला. "मी त्या दिवशी हेच म्हणत होतो. यज्ञ दिवसा चालतो. सूर्य मावळला की दारं उघडा, उजाडलं की लावा. रात्री वाळू निवलेली असते, तेवढं पाणी आम्हाला पुरेल."

सभेत कोणी उभे राहिले नाही, आहुतीही पडली नाही. वामरथाने सरोवराची खोली विचारली, तुंडिकाने उत्तर दिले, राजाने शंका काढली, आणि दुपार टळेपर्यंत सारे बोलत राहिले. संध्याकाळी दारे उघडली.

याग पूर्ण झाला, पाऊसही आला. तो यज्ञाने आला की ऋतूने, यावर त्या सभेत पुढे कितीतरी वाद झाले आणि ते सर्वांनी आनंदाने केले. म्हणूनच शीकरा नदी आजही दिवसा कृश आणि रात्री भरलेली असते. म्हणूनच त्या देशी सभेला जाणारा उंबरठ्याबाहेर क्षणभर थांबतो, आपल्या देवाचे स्मरण करतो, आणि मग रिकाम्या हातांनी आत पाऊल टाकतो. जो ही कथा ऐकेल, त्याला समोरच्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकण्याचे धैर्य लाभो.