निळी कड

“पण मॅडम, यात चूक कुठं आहे, तेवढं तरी सांगाल?”

शार्दूलचा आवाज जरा चढलाच होता. त्याने केलेलं पान सकाळपासून कारखानीस मॅडमच्या स्क्रीनवर उघडं होतं आणि ‘बघते’ यापलीकडे मॅडम एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

साताऱ्यातल्या त्या छोट्या ऑफिसात वेबसाइट बनवायला शिकायचं ते मॅडमच्या हाताखाली. त्यांनी मान डोलावली की पान लोकांसाठी खुलं व्हायचं, आणि ज्याचं पान खुलं झालं त्याला पुढची साइट एकट्याने करायला मिळायची. शार्दूलला ती आजच हवी होती. पोरगा हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच माहीत होतं.

“चूक आहे असं मी म्हटलं का?”

“मग खुलं करू?”

“कुणासाठी केलंस हे?”

“फिजिओथेरपी केंद्रासाठी. पेशंटने नाव-गाव भरायचं, वेळ निवडायची, ‘पाठवा’ दाबायचं. मोबाइलवर बघा, टॅबलेटवर बघा, एक रेघ हलणार नाही. रंग-मांडणीचं सगळं सीएसएस हाताने लिहिलंय मी. उसनी एक ओळ नाही.”

खोटं नव्हतं ते. पान देखणंच होतं.

“छान. मग तूच घे की वेळ.”

शार्दूल हसला. खुर्ची ओढून बसला. माउसकडे हात नेला...

मॅडमनी माउस उचलून आपल्या पर्समध्ये टाकला आणि चेन लावली.

“हे काय?”

“तिथं येणाऱ्या कितीतरी जणांचे हात थरथरतात. माउस धरवत नाही. कीबोर्ड आहे ना तुझ्यापुढं?”

“हात्तिच्या! टॅबची की दाबत एकेका चौकटीत पुढं गेलं की झालं.”

नाव. टॅब. गाव. टॅब. बाणाच्या कीने वेळ. बोटं झरझर चालली होती. शेवटची टॅब दाबून त्याने ऐटीत एंटर मारला.

फॉर्म कोरा झाला.

“पुन्हा भर.”

त्याने भरला. या खेपेला सावकाश. ‘पाठवा’ आणि ‘पुसा’ ही दोन बटणं शेजारीशेजारी होती. पानाच्या मूळ सांगाड्यात, म्हणजे एचटीएमएलमध्ये, ‘पुसा’ आधी लिहिलेलं होतं. ‘पाठवा’ पहिलं शोभतं म्हणून त्याने सीएसएसने दोघांची अदलाबदल केली होती. ती फक्त डोळ्यांपुरती. टॅब अजून जुन्याच क्रमाने चालत होती.

चौकटीत होता तोवर कर्सर लुकलुकत होता. बटणावर कर्सर कुठला? त्याने टॅब दाबली. स्क्रीनवर काही हललं नाही. पुन्हा दाबली. एकदा झाली की दोनदा? एंटरवर नेलेलं बोट तसंच अधांतरी राहिलं.

“काय झालं?”

“मी... कुठं आहे तेच कळत नाहीये.”

“ते दाखवायला ब्राउझर निळी कड देतो. जिथं असशील, तिथं.”

“हो, ती...” शार्दूलचे कान तापले. “ती मी काढली. ‘आउटलाइन: नन’. एका ओळीत. डिझाइनमध्ये बरी दिसत नव्हती.”

केंद्रात कुणीतरी थरथरत्या बोटांनी आपलं नाव पुन्हा पहिल्यापासून लिहितंय, हे शार्दूलच्या डोळ्यांपुढं आलं आणि त्याला मनापासून लाज वाटली.

त्याने ती ओळ खोडली. बटणं एचटीएमएलमध्येच नीट क्रमाने लावली. कड चांगली ठसठशीत केली. मग फॉर्म भरला, कड ‘पाठवा’भोवती येऊन थांबली तेव्हाच एंटर दाबला. फॉर्म गेला.

“झालं,” तो म्हणाला. पण नजर कडेवरून हटेना. “करा खुलं. पण खरं सांगू का मॅडम? पान बिघडलं हो त्या कडेने.”

मॅडमनी पर्स उघडून माउस त्याच्या हातात ठेवला.

“बिघडलं? अरे, आता कुठं पानावर माणूस दिसायला लागला.”