म्हाताऱ्यासकट तुकडा

"रखमाजी, तुझा ओढ्याकाठचा तुकडा मला वापरायला दे," येसाजीराव इनामदार घोड्यावरूनच म्हणाले. "दोन्ही अंगांना माझीच शेतं. मधे तुझा तुकडा आला की माझ्या बैलांना उगाच वळावं लागतं."

शेजाऱ्याला नाही म्हणणं म्हाताऱ्या रखमाजीला कधी जमलं नव्हतं. आजवर त्याने इनामदारांना शिडी दिली, मोटेचा नाडा दिला, नवं घोंगडं दिलं; त्यातलं काहीही परत आलं नव्हतं. पण हा तुकडा म्हणजे त्याची भाकरी होती. विधवा सून सगुणा तो कसायची आणि सासऱ्याला जेवू घालायची.

"सरकार, माझं पोट आहे त्याच्यावर," तो कसाबसा म्हणाला.

"पोट सगळ्यांनाच असतं," इनामदार म्हणाले, आणि त्यांचं तर घोड्यालाही जाणवत होतं. "बरं, उद्या सकाळपर्यंत तो तुकडा मला नकोसा करून दाखव. मी स्वतःच्या तोंडाने नको म्हणालो, तर पुन्हा नाव काढणार नाही. पण ध्यानात ठेव, फुकटची जमीन मी जन्मात नको म्हटलेली नाही!"

रखमाजी घरी येऊन डोकं धरून बसला. धरून ठेवावं असं त्या डोक्यात काही आहे, अशी त्याची स्वतःचीही समजूत नव्हती.

"सुनबाई, कुणालाही नकोशी वाटेल अशी एखादी वस्तू आपल्या घरात आहे का गं?"

सगुणा चुलीपुढे होती. सासऱ्याने नुकतीच तिच्या भाकरीला नावं ठेवली होती. "आहे की," ती म्हणाली, "समोरच बसलीय." आणि तिने जीभ चावली.

रखमाजी मात्र खुदकन हसला. "खरंच की! इतकी वर्षं सोबत राहून मला कसं सुचलं नाही?"

सकाळी इनामदार नांगर घेऊन आले, तर बांधावर रखमाजी वळकटी, तांब्या आणि थुंकायचं मडकं घेऊन तयार.

"घ्या तुकडा, सरकार. माझं अंथरूण ओसरीवर घालू की माजघरात?"

"तुझं अंथरूण? माझ्या वाड्यात?"

"म्हाताऱ्याचा तुकडा जो कसेल, त्यानेच म्हाताऱ्याला सांभाळायचं, ही गावची रीत. तुमच्याच वडिलांनी चावडीवर बसून पाळायला लावलेली. आता मालाचे दोष आधीच सांगतो. पहाटे कोंबड्याच्या आधी खोकतो. भाकरी जाड झाली की चिडतो, पातळ झाली की रुसतो. एकच गोष्ट रोज सांगतो आणि रोज तिचा शेवट विसरतो. तुमचं लहानपण मात्र पाठ आहे. चोरलेल्या काकड्या, बाभळीला अडकलेलं धोतर... पाहुणे आले की हमखास आठवतं."

नांगर धरलेला गडी तोंड दाबून हसू लागला. इनामदारांनी मडक्याकडे पाहिलं. "आणि हे... किती वर्षं?"

"आमच्या घराण्यात लवकर कुणी मरत नाही, सरकार. माझा बाप आत्ता परवा गेला."

"नको रे बाबा, नको!" इनामदार इतके हसले की घोड्यावर बसून राहणं कठीण झालं. "तुकडा तुझाच. यंदाची नांगरट माझ्या बैलांनी, बियाणंही माझं. घोंगडंही धाडून देतो."

रखमाजी वळकटी उचलायला वाकला, पण धावत आलेल्या सगुणाने ती आधीच काखोटीला मारली होती. कालच्या बोलण्याने तिला रात्रभर झोप नव्हती.

"चला मामंजी, घरी चला. भाकरी निवतेय."

"जाड की पातळ?" रखमाजीने विचारलं.