विरजणापुरते दही

जिथे राजा एक असायला हवा तिथे दोन होऊन बसले होते, अशा एका राज्याच्या कडेला एक गाव होते आणि त्या गावात एक गवळीण राहत होती. जुना राजा निपुत्रिक वारला, तेव्हा त्याचा मेहुणा आणि त्याचा पुतण्या अशा दोघांनीही राज्याभिषेक उरकून घेतला. गावचा दवंडीवाला मात्र एकच. तो सकाळी लाल पागोटे घालून मेहुण्याचा जयजयकार करी आणि दुपारी पिवळे घालून पुतण्याचा. गावकरी दोन्ही वेळा मान डोलावत आणि आपापल्या कामाला लागत.

नदीपलीकडच्या गावांना ती चैन नव्हती. दोन्ही फौजांनी ती आळीपाळीने जाळली आणि तिथली माणसे या गावच्या धर्मशाळेत येऊन राहिली. गावाने तांदूळ दिले. पण उन्हाच्या तडाख्याने पोरांची पोटे बिघडली. एका लहानग्याच्या पोटात तर ताकभाताखेरीज काही ठरेना.

ताक यायचे ते गवळिणीकडूनच. सारे गाव तिच्याकडून विरजण नेई, त्यामुळे इतर घरांत ते राखण्याची पद्धतच उरली नव्हती. तिच्या घरी मात्र सासूने नियम घालून दिला होता: गाडग्यात पळी बुडण्याआधी चमचाभर दही वाटीत काढून कोनाड्यात ठेवायचे. ते उद्याच्या दुधाचे.

पहिल्या दिवशी गवळिणीने एक गाडगे धर्मशाळेत नेले. लहानग्याच्या आईला ओंजळभर दूधही दिले, आणि पुढे ते रोजचेच झाले. कोणीतरी म्हणाले, "साक्षात अन्नपूर्णा." दुसऱ्या दिवशी तिने दोन गाडगी नेली. स्तुती एकदा उताराला लागली की थांबत नाही. लवकरच घरातले सगळे दही धर्मशाळेत जाऊ लागले.

"आज ताक नाही?" नवऱ्याने कोरड्या भाकरीकडे पाहत विचारले.

"अहो, राज्य जळतंय, आणि तुम्हाला ताकाची पडलीय?"

"जळतंय खरं. पण मी विझवायला निघालो, तरी जेवूनच निघेन ना?"

शेजारच्या सावकारीणबाईंचा मार्ग वेगळा होता. त्यांनी वाटीभर विरजण नेऊन कपाटात कुलूपबंद केले होते. "काळ वाईट आहे, बाई," त्या म्हणत. "आपलं आपल्यापाशी."

एके दिवशी धर्मशाळेतली पंगत आटोपून गवळीण रिकामी गाडगी घेऊन घरी परतली, तो मागोमाग दवंडीवाला आला. दोन राजांपायी त्याचा घसा पार बसला होता.

"वहिनी, सगळ्यांना मिळालं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मीच तेवढा राहिलो."

गवळिणीची नजर कोनाड्याकडे गेली. सासू जागची उठली.

"सूनबाई, ते विरजण आहे. आणि बसल्या घशाला दही कोण देतं?"

"दारात आलेल्याला नाही म्हणू, सासूबाई?"

"अगं, त्याच्या तोंडात तू उद्याची सगळी गाडगी घालते आहेस."

पण एकही माणूस विन्मुख गेला नाही, हे वाक्य गवळिणीला मनातल्या मनात ऐकू येऊ लागले होते आणि ते फार गोड होते. तिने वाटी त्याच्या हातावर रिती केली.

दुसऱ्या दिवशी दवंडीवाल्याचा आवाज साफ गेला. गावात कोणत्याच राजाचा जयजयकार झाला नाही आणि कोणाचे काही अडलेही नाही. अडले ते दुधाचे. गवळिणीने त्यात लिंबू पिळून पाहिले, ते फाटले. घरोघर विरजण मागितले, तर प्रत्येक घरी एकच उत्तर: "अगं, ते तर तुझ्याकडेच असतं." सावकारीणबाईंनी मोठ्या दिमाखाने कुलूप काढले. आतल्या विरजणाला हिरवीगार दाढी आली होती. एवढी भरदार दाढी दोन्ही राजांपैकी एकालाही नव्हती.

धर्मशाळेत मुले ताकाची वाट पाहत होती. गवळीण रिकाम्या हातांनी तिथे गेली आणि मान खाली घालून म्हणाली, "आज ताक नाही. उद्याही नाही. विरजणच संपलं. चूक माझी."

लहानग्याची आई उठली. तीन दगडांच्या चुलीमागून तिने एक झाकलेली करवंटी आणली. आत घट्ट, पांढरेशुभ्र दही होते.

"तुमचंच आहे, ताई. पोराला दूध पचेना, मग ते फुकट कसं घालवायचं? तुमच्या दह्यातलं चमचाभर घालून लावत गेले. त्याचा आजचा भातही यावरच झाला."

"इथे? घर नाही, दार नाही, आणि तू रोज विरजण लावतेस?"

"घर जळलं," ती म्हणाली. "हाताची सवय थोडीच जळली?"

त्या दिवसापासून गवळिणीच्या घरी पहिला चमचा कोनाड्याचा झाला, मग एक लहान गाडगे घरचे आणि उरलेले सगळे धर्मशाळेचे. घरोघर तिने चमचाभर विरजण दिले ते एका अटीवर: ते रोज लावायचे आणि एक वाटी धर्मशाळेत पाठवायची. सावकारीणबाईही पाठवू लागल्या. वाटी लहान असे, पण दाढी नसे.

पुढे दोघांपैकी एक राजा जिंकला. दवंडीवाल्याने तशी दवंडीही पिटली, पण घसा अजून पुरता सुटला नव्हता. कोण जिंकले ते कोणालाच कळले नाही. गाव तेव्हा ताक घुसळत होते.

तात्पर्य एवढेच: दही मोकळ्या हाताने वाटावे, पण विरजण राखावे, आणि राखलेले विरजण रोज दुधाला लावावे, नाहीतर त्याला दाढी येते.