सादड्याच्या सालीवरचे पतंग

फार मागे, कांचनिका नगरीवर चंडकेतू राजाचा अंमल असताना, बोधिसत्त्व नदीकाठच्या राईचा राखणदार होऊन जन्मला होता. राईत तीनशे अर्जुनसादडे होते आणि त्यांच्या राखी सालीवर एका जातीचे पतंग राहत. अंगठ्याच्या नखाएवढे. पंख मिटून बसले की सालीचे पापुद्रेच वाटत. माणूस खोडाला हात टेकवी, तरी त्याला पत्ता लागत नसे. त्यांच्या अळ्या सादड्याच्या कोवळ्या पानांखेरीज काही खात नसत आणि या राईबाहेर ते कुठेच आढळत नव्हते. बोधिसत्त्वाला मात्र ते लांबूनही दिसत.

एकदा राजाने नव्या महालाच्या खांबांसाठी राईतली चाळीस झाडे तोडण्याचा हुकूम सोडला. बोधिसत्त्वाने घरी येऊन ते सांगितले.

"चाळीसच ना?" त्याची बायको विशिखा म्हणाली. "बाकीची आहेत की. राजाच्या वाटेला जाऊ नका."

"त्या चाळिसांवर जे बसलेत, त्यांनी कुठं जायचं?" असे म्हणून तो दरबारात गेला.

त्याचे गाऱ्हाणे ऐकून राजाला हसू आले. "दाखव मला तुझे पतंग. मनात भरले, तर एकाही झाडाला कुऱ्हाड लागणार नाही."

दुसऱ्या दिवशी राजा राणीला घेऊन राईत आला. दोघांना नुसती साल दिसत होती. बोधिसत्त्वाने एका खोडावर हलकेच फुंकर घातली. मिटलेले पंख उघडले आणि खालच्या पंखांचा डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल रंग उन्हात झळकला. आधी एक, मग दहा, मग सगळे खोडच लाल झाले. राणी खोडाजवळ सरकली. मग म्हणाली, "या पंखांची ओढणी हवी मला."

बोधिसत्त्वाने राजाचे पाय धरले. "महाराज, आपण शब्द दिलात!"

"झाडांचा दिला. तो मोडणार नाही," राजा म्हणाला. "तुला हे दिसतात. तूच धरून दे. ही राई तुझ्या नावे करतो."

"माझे डोळे त्या कामाला मिळणार नाहीत, महाराज."

त्याला खोडाला बांधून फटके मारले. त्याच्या डोळ्यांची गरजही पडली नाही. सेवकांनी झाडांखाली ओला पाला पेटवला. धुराने गुदमरलेले पतंग खाली पडले आणि ते सुपे भरभरून नेले. काही बोधिसत्त्वाच्या खांद्यावर पडले होते, तेही वेचले.

राणीने ती ओढणी वसंतोत्सवात एकदाच पांघरली. घामाने पंखांची भुकटी सुटली, गळा खाजू लागला, आणि दासीने ओढणी उकिरड्यावर टाकली.

राजाने शब्द पाळला. तीनशे झाडे उभी राहिली. पालवी फुटली, पाने मोठी झाली, आणि एकाही पानाला भोक पडले नाही. येणारेजाणारे म्हणत, "यंदा राई काय तजेलदार आहे!" बोधिसत्त्व पाने उलटून पाहत फिरे.

"तुम्ही गप्प बसला असतात," विशिखा एकदाच म्हणाली, "तर चाळीसच गेली असती."

बोधिसत्त्व पुन्हा पाने उलटू लागला. राजावर त्याने राग धरला नाही. स्वतःला मात्र मरेपर्यंत क्षमा केली नाही.

एवढी कथा भिक्षूंना सांगून शास्ते, म्हणजे त्यांचे गुरू, थांबले. मग म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा श्रेष्ठी चंदनक. राणी ही त्याची पत्नी. विशिखा म्हणजे ही समोर बसलेली ज्येष्ठ भिक्षुणी, थेरी पद्मिला. राखणदार मी होतो. त्या जन्मी माझ्याजवळ करुणा होती, पण प्रज्ञा नव्हती. ही कथा प्रज्ञापारमितेची, म्हणजे प्रज्ञा पूर्णत्वाला नेण्याची, आहे."