इनामदारांची गोमुखी

त्र्यंबकराव इनामदारांचा उजवा हात सदा गोमुखीत असे. जपाची माळ चारचौघांच्या नजरेस पडू नये म्हणून खरं तर ही पिशवी. इनामदार मात्र ती गावभर मिरवत. बोटं मण्यांवर आणि तोंड गड्यांना शिव्या देण्यात.

एकदा त्यांनी तुळशीच्या माळा करणाऱ्या तान्हूबाईला देवळात बोलावून घेतलं. "तुझ्या माळेत खोट आहे. म्हणून जपात मन लागत नाही. नीट करून दे, नाहीतर उद्यापासून या पायऱ्यांवर दुकान मांडायचं नाही."

तान्हूबाईच्या मस्तकात तिडीक गेली. एकेक मणी तिनं स्वतः घासून गुळगुळीत केला होता. तरी ती गोमुखी घेऊन घरी गेली आणि संध्याकाळी परत देऊन आली. इनामदारांनी लगेच आत हात घातला. जप सुरू झाला, शिव्याही सुरू झाल्या.

आठवड्यानं देवळात कीर्तनाला सारा गाव जमला होता. इनामदारांनी तान्हूबाईला ऐटीत पुढं बोलावलं.

"दम दिला की कामं कशी चोख होतात बघा. रोज अकरा माळा ओढतोय, मन कसं छान लागतं. काय केलंस गं एवढं?"

"दोरा काढला, सरकार."

इनामदारांना काही उमगेना. त्यांनी गोमुखी उलटी केली, तसे सुटे मणी टपटप पायऱ्यांवरून घरंगळत गेले.

तान्हूबाई वाकून ते वेचू लागली. "नवा दोरा केव्हाच आणून ठेवलाय," ती म्हणाली. "म्हटलं, माळ अडली की सरकार बोलावतीलच."