तीन नंबरची नळी

"…वास, वास म्हणून नुसतं डोकं उठवलंय तिनं. मॅडम, तुम्हीच सांगा, भूल देणाऱ्यानं वासाला घाबरायचं?"

डॉ. शार्दूल वाघमोडेच्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्याच्या हाताखालची डॉक्टर रेश्मा तांबोळी त्याला डावलून थेट विभागप्रमुख आठल्ये मॅडमकडे गेली होती.

तिला तिसरा महिना. तिचं म्हणणं एवढंच, की पेशंटनं सोडलेला भुलीचा वायू बाहेर नेणारी तीन नंबर थिएटरातली नळी महिनाभर तुटलेली आहे. वायू आतच कोंडतो. ती दुरुस्त होईपर्यंत मला तिथं उभं करू नका.

आणि या शहाण्यानं ते हसण्यावारी नेलं. "नऊ वर्षं हाच वायू ओढतोय. मला काय धाड भरलीय?"

आठल्ये मॅडमनीच त्याला भूल द्यायला शिकवलं होतं. त्यांनी टेबलावरचा कागद पुढे सरकवला. यंत्राची रोजची तपासणी. 'नळी जोडलेली आहे' यापुढे महिनाभर बरोबरची खूण, खाली शार्दूलची झोकदार सही.

"ही सही कुठं बसून केलीस?"

"सगळेच करतात, मॅडम."

"सगळ्यांच्या पोटात मूल नसतं."

…

त्या तडक उठल्या. त्याला तीन नंबरवर घेऊन गेल्या. पेशंटला नुकतंच बाहेर नेलं होतं, यंत्र अजून चालूच होतं. दारातच मॅडमनी नाकाला रुमाल लावला. तिथं उभ्या असलेल्या रेश्मानंही लावला. शार्दूल ऐटीत आत शिरला.

"लहान पोराला मास्क लावलास की काय विचारतोस?"

"वास येतोय का, विचारतो."

"आणि येत नाही म्हणालं की?"

"भूल चढायला लागली, समजतो."

मॅडमनी तुटकी नळी उचलून त्याच्या नाकाशी धरली.

"येतोय?"

त्यानं छाती भरून श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"…नाही."

मॅडमनी यंत्र बंद केलं. सगळ्यांना बाहेर काढून दाराला कुलूप घातलं आणि किल्ली रेश्माच्या हातात दिली. "नळी जोडल्याची खूण आता तू करायची. तोवर हे दार उघडायचं नाही."

"मॅडम, उद्या इथं चार ऑपरेशनं आहेत," शार्दूल म्हणाला.

मॅडमनी त्याचं मनगट धरलं. नाडीवर बोटं ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिल्या.

…

"नऊ वर्षं झाली, शार्दूल. आता तुला उठवायला हवं."